वीस पावलांवर उभी गाडी

माझ्या बहिणीला सगळी वस्ती धूरताई म्हणते. तोंडावर नाही म्हणत, पण तिला ते माहीत आहे आणि आवडतं, असा मला दाट संशय आहे. ती शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. बत्तीस वर्षं तिने काचेच्या नळ्या धुतल्या, बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि शिक्षक घाईत जे गाळून टाकत ते मुलांना समजावून सांगितलं. पगार मदतनिसाचा आणि मिजास शास्त्रज्ञाची, असं मी तिला चिडवायचो. ती म्हणायची, "मिजास नाही रे. ज्याची खात्री नाही तो आकडा वहीत लिहायचा नाही, एवढंच शिकले मी."

मी तिचा धाकटा भाऊ. शाळेच्याच रस्त्यावर माझं गॅरेज आहे आणि वर दोन खोल्या, त्यात मी आणि माझी बायको राहतो. बायकोला दमा लग्नाआधीपासूनचा. पण तेव्हा तो पाहुण्यासारखा यायचा, दोन-चार दिवस राहायचा आणि जायचा. सहा वर्षांपूर्वी रस्त्याच्या टोकाला गोदामं झाली, दिवसभर ट्रक सुरू झाले आणि पाहुणा मुक्कामालाच आला. आता ती जिना उतरते तेव्हा मधल्या पायरीवर बसते आणि चढते तेव्हा दोनदा बसते. डॉक्टर एकदा म्हणाले, "घर बदला, नाहीतर रस्ता बदला." घर बदलणं शक्य नव्हतं, खाली गॅरेज, तेच पोट. डॉक्टर थट्टेने बोलले होते. ताईने ते मनावर घेतलं आणि रस्ता बदलायच्या मागे लागली.

म्हणजे ट्रक गावाबाहेरच्या वळणरस्त्याने पाठवायचे. नगरपालिकेचं हवा मोजायचं यंत्र आहे, पण ते बागेत, झाडांच्या मधोमध. तिथे हवा चांगलीच असते. ताईने खेटे घालून घालून एवढं कबूल करून घेतलं, की सलग बारा महिन्यांच्या नोंदी कुणी आणून दिल्या, तर सुनावणी घेऊ. त्यांना वाटलं असणार, कोण देतंय बारा महिने. ताईने एका संस्थेकडून यंत्र मागून आणलं. शिवणयंत्राच्या डब्याएवढी पेटी आणि तीन पायांचा स्टँड. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, शाळा भरताना, रस्त्यावरच्या पाच जागी पंधरा-पंधरा मिनिटं. पहिली जागा शाळेचं फाटक, तिसरी माझ्या गॅरेजच्या थोडं अलीकडे. त्या दोन दिवशी शाळेने तिला दीड तास उशिरा यायची सवलत दिली होती.

हे सगळं सामान न्यायला तिची गाडी होती. वीस वर्षांची डिझेल गाडी. एका डॉक्टरांकडून तिने ती जुनी घेतली, तेव्हाच ती थकलेली होती. इंजिन मी दोनदा उघडलं, दरवाजे बदलले, खालचा पत्रा नवीन जोडला. सकाळी सुरू करताना सायलेन्सरमधून असा काही काळा लोट निघायचा, की शाळेसमोरचा किराणावाला पोत्यांवर कापड टाकायचा. धूरताईचं धुराडं, असं तो म्हणायचा, आणि लोक हसायचे. हसणारच. धुराविरुद्ध सह्या गोळा करणारी बाई धूर काढत यायची.

माझ्या भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला, या हसण्याचा फार राग. ती एका कार्यालयात नोकरी करते आणि विजेवरची छोटी गाडी चालवते. रविवारी दोघी माझ्याकडे आल्या की अर्ध्या तासात विषय गाडीवर यायचाच. मला दोघींचं बोलणं पाठ झालं होतं.

"आई, लोक तुझी वही वाचत नाहीत. त्यांना सायलेन्सर दिसतो."

"दिसू दे. ही गाडी विकली तर ती काय विरघळणार आहे? दुसरा कुणी घेईल आणि रोज चालवेल. मी आठवड्यातून दोनदा चालवते. धूर थांबणार नाही, फक्त त्याचा पत्ता बदलेल."

"मग मोडीत काढ."

"चालती गाडी मोडीत काढायची आणि नवीसाठी कुठला तरी डोंगर खणायचा. त्या खाणीशेजारी कुणीतरी खोकत असेलच की. ते इथून दिसत नाही म्हणून चालतं का?"

"सिगारेट ओढणाऱ्या डॉक्टरसारखं झालंय तुझं."

"डॉक्टर सिगारेट ओढतो म्हणून त्याने तपासलेला खोकला खोटा ठरत नाही."

"खोटा ठरत नाही," भाची म्हणायची, "पण पेशंट उठून जातो."

मग माझी बायको पलंगावरून म्हणायची, "झालं? चहा टाका कुणीतरी." बायकोने कधी कुणाची बाजू घेतली नाही. जास्त बोललं की तिला धाप लागायची, त्यामुळे ती शब्द जपून वापरायची.

मी मात्र ताईच्या बाजूने होतो आणि का होतो ते आता सांगून टाकतो. मला डोंगराबिंगराचं काही पडलेलं नव्हतं. ती गाडी माझ्या हातची होती. विजेच्या गाड्या आल्या की माझ्यासारख्यांच्या दुकानाला कुलूप लागणार हे मला कळत होतं, आणि निदान माझ्या घरची बाई तरी माझ्या हातची गाडी चालवते, याचं मला बरं वाटायचं. कारण क्षुद्र आहे, पण तेच होतं.

चार महिने ताईने एकटीने मोजमाप केलं. तिची पद्धत ठरलेली. यंत्राच्या जागेपासून वीस पावलं पुढे गाडी लावायची, इंजिन बंद करायचं, मग यंत्र मांडायचं. पावलं ती खरोखर मोजायची. आणि मग पाचव्या महिन्यात प्रयोगशाळेत वरच्या फळीवरची बरणी काढताना ती स्टुलावरून पडली आणि गुडघ्याची वाटी फुटली. तीन आठवडे घरात बसायला सांगितलं होतं, ती चौथ्या दिवशी काठी घेऊन माझ्या गॅरेजमध्ये हजर.

"नोंदींत खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. तू चालव, मी मोजते," ती म्हणाली. मग मला पद्धत सांगितली. वीस पावलं पुढे, इंजिन बंद. ताई एकदा सांगते, दुसऱ्यांदा विचारत नाही. समोरच्याने ऐकलं असं धरून चालते. शाळेतल्या मुलांशीही तशीच वागते, आणि मुलं ऐकतातही.

पहिले दोन आठवडे मीही ऐकलं. तिसऱ्या आठवड्यात शाळेच्या फाटकाशी गाडी बंद केली ती पुन्हा सुरूच होईना. स्टार्टर गेला होता. मागे ट्रकांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले, पोरांना सोडायला आलेले आईबाप बघत उभे. एक ट्रकवाला खाली उतरून म्हणाला, "गाडी एखाद्या चांगल्या मेकॅनिकला दाखवा." त्याला मी कोण ते ठाऊक नव्हतं. किराणावाल्याला ठाऊक होतं, तो पोट धरून हसला. शेवटी चौघांनी धक्का मारला.

स्टार्टर मी दोनदा सोडवून बांधला. त्या गाडीचे सुटे भाग यायचे कधीच बंद झाले होते. घरून निघताना उतारावरून गाडी सुरू करता यायची, प्रश्न मधल्या पाच थांब्यांचा होता. मग मी बंद करणंच सोडलं. वीस पावलं बरोबर मोजायचो, ब्रेक लावायचो आणि इंजिन चालू ठेवून आत बसून राहायचो. ट्रकांच्या घरघरीत आपलं इंजिन कुणाला ऐकू येतंय. ताई यंत्राकडे आणि घड्याळाकडे डोळे लावून उभी असायची, गाडीकडे पाठ. एकदाच ती परत येऊन बसताना म्हणाली, "आधीच सुरू केलीस?"

"तुला येताना बघितलं म्हणून," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि वही मांडीवर घेतली. एवढं साधं खोटं होतं. एका जुन्या गाडीने काय फरक पडतो, दिवसाला अडीचशे ट्रक जातात, असं मी स्वतःला समजावलं. आणि खरं सांगायचं तर मी दर वेळी स्वतःला समजावतही नव्हतो. सवय झाली होती. सात महिने झाले.

सुनावणी नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात होती, सकाळी अकराला. बायकोला यायचं होतं, पण दोन मजले चढणं तिच्याच्याने झालं नसतं. निघताना ती मला म्हणाली, "निकाल लागला की आधी मला फोन करा. कुणाशी बोलत बसू नका." सहा वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. एवढं मागितलं.

समोर एक वयस्क अधिकारी बसला होता, त्याला स्वतःलाच खोकला होता. एका बाजूला ट्रकमालकांचा वकील, दुसऱ्या बाजूला ताई, तिच्या मागे मी आणि भाची. ताईने बारा महिन्यांचे आकडे मांडले. कागद सरळ, तारखा सलग, आवाज शांत. मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट धूळ. अधिकाऱ्याने दोनदा चष्मा पुसला. मग वकील उठला आणि त्याने एक मोठा केलेला फोटो आणून स्टँडवर लावला.

शाळेचं फाटक. डावीकडे ताईची गाडी, सायलेन्सरमधून काळा पट्टा निघालेला. उजवीकडे काठीवर रेललेली ताई, यंत्रावर वाकलेली.

"हवेची काळजी करणाऱ्या बाई ही गाडी चालवतात," वकील म्हणाला. "आमच्या ट्रकांनी वळणरस्ता धरायचा, आठ किलोमीटर जादा जायचं, आणि यांना एक विजेवरची गाडी घ्यावीशी वाटली नाही. आधी स्वतःचं घर झाडा म्हणावं."

सभागृह हसलं. भाचीने डोळे मिटून घेतले. तिला हेच भय होतं.

ताई मात्र या प्रश्नाची वाटच बघत होती. ती काठी टेकून उठली आणि रविवारी आम्ही शंभरदा ऐकलेलं सगळं तिने तिथे इतकं नीट मांडलं, की मीही थक्क झालो. गाडी विकली तर धुराचा पत्ता बदलतो. नवी गाडी आकाशातून पडत नाही. "वकीलसाहेब, माझ्या गाडीला नावं ठेवा, ती ठेवण्यासारखीच आहे. उद्या मी पायी आले तर तुमचे ट्रक वळणरस्त्याने जातील का? जाणार असतील तर आत्ताच लिहून द्या, मी किल्ली इथेच टेबलावर ठेवते."

आता लोक वकिलाला हसले. अधिकारीही हसला आणि खोकला. वकील कागद चाळायला लागला, त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. भाचीने माझा हात दाबला. मी मनात म्हणालो, सुटलो. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं, की सात महिने मी अडकलेला होतो.

ताईला तेवढ्यावर बसता आलं असतं. पण ती फोटोकडे गेली, मागे उभी असलेली ट्रकांची रांग अधिकाऱ्याला दाखवायला. "यातले ट्रक मोजा," असं म्हणत तिने बोट वर केलं आणि ते तसंच राहिलं.

ती फोटो वाचत होती. फोटोत ती यंत्रावर वाकलेली होती, म्हणजे मोजणी चालू होती. आणि वीस पावलांवर गाडी धूर सोडत होती. वकिलाने हा फोटो तिची फजिती करायला आणला होता. त्यात काय आहे ते त्याला कळलेलं नव्हतं. त्या सभागृहात ते दोनच माणसांना कळत होतं.

ती वळली आणि अधिकाऱ्याला नाही, मला म्हणाली, "इंजिन चालू होतं?"

"हो."

"त्या दिवशीच?"

मला वाटलं, त्या दिवशीच म्हणावं. फोटो एकाच दिवसाचा होता. ताईने विश्वास ठेवला असता, कारण तिला दुसऱ्यांदा विचारायची सवयच नाही. "गुडघा मोडल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सुरू झालं," मी म्हणालो. "तेव्हापासून दर वेळी."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. वर्गात एखाद्या हुशार मुलाने उत्तर चोरल्यावर ती बघते तशी. मग अधिकाऱ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, माझे शेवटच्या सात महिन्यांचे आकडे बाजूला ठेवा. मोजताना माझीच गाडी शेजारी चालू होती."

"बाई, एका गाडीने असा किती फरक पडणार?" अधिकारी म्हणाला. तो भला माणूस होता, तो तिला वाट काढून देत होता. "आकडे मर्यादेच्या बरेच वर आहेत."

"थोडाच पडला असेल. पण किती ते मला माहीत नाही. आणि जे मला माहीत नाही ते मी तुम्हाला खरं म्हणून देऊ शकत नाही."

"पाच महिन्यांवर मला निर्णय देता येणार नाही. बारा लागतात."

"माहीत आहे," ताई म्हणाली आणि कागद गोळा करायला लागली. वकील अजून फोटोकडे बघत होता, काय झालं ते त्याच्या लक्षात येत होतं. त्याला जिंकल्याचा आनंद झालेला दिसला नाही. त्यालाही घरी मुलं असतील.

जिन्यात भाची म्हणाली, "आई, विजेवरची असती तर हे झालंच नसतं."

"तुझं बरोबर होतं," ताई म्हणाली. एक पायरी उतरली, थांबली. "पण तू सांगत होतीस त्या कारणासाठी नाही." कोणाला टोमणा मारायची ताकद तिच्यात उरली नव्हती. ती भाचीच्या गाडीत मागे पाय लांब करून बसली आणि तिने डोळे मिटले.

लोक मला विचारतात, मग धूरताईने गाडी बदलली का. नवी घेतली नाही. जुनी माझ्याकडे दिली आणि म्हणाली, हिचे सुटे भाग ज्याला लागतील त्याला दे. आता भाची ऑफिसला जाताना तिला यंत्रासकट सोडते, पुढे ती चालते. पाच जागांमधलं अंतर काठी घेऊन पार करायला तिला इतका वेळ लागतो, की सवलत धरूनही शाळेत त्या दोन दिवशी तिची उशिराची नोंद होते. आयुष्यात कधी झाली नव्हती.

सुनावणीच्या त्या दिवशी मी बायकोला फोन केला नाही. उतारावर लावलेली जुनी गाडी घेऊन एकटाच घरी आलो. वर गेलो तर ताई आणि भाची आधीच पोचल्या होत्या. ताई पलंगाच्या पायथ्याशी बसली होती आणि बायको उशीला टेकून. निकाल तिला कळला होता हे चेहऱ्यावरून दिसत होतं.

"पुन्हा बारा महिने लागतील एवढं मी सांगितलंय," ताई मला म्हणाली. "का लागतील ते तू सांग."

मी सांगितलं. स्टार्टर, फाटकाशी झालेली शोभा, तो ट्रकवाला, चौघांचा धक्का, सगळं. पुन्हा चारचौघांत हसं नको म्हणून इंजिन बंद केलं नाही, हेही सांगितलं. सांगताना मला ते फार लहान वाटलं. बायको ऐकत होती. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

ताईने मान वर केली. "काय ठाऊक होतं?"

"इंजिन चालू असतं ते." ती श्वास घ्यायला थांबली. "गॅरेजसमोर उभी असायची ना गाडी. खिडकीच्या खालीच. यांच्या गाडीचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखते. मला वाटलं, मोजायची तशीच रीत असेल. मी कशाला मधे बोलू."

"अगं, मग खिडकी तरी…" मी म्हणालो आणि थांबलो.

"लावायचे ना. मंगळवारी आणि शुक्रवारी." ती माझ्याकडे बघत नव्हती, पांघरुणाची घडी सारखी करत होती. "ट्रकांसाठी नाही लावत मी, ते निघून जातात. तुम्ही पंधरा मिनिटं थांबायचात."